रिकाम्या गाडीचे पाटे

फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंतच्या पट्ट्यात कडुबा हिवराळे कोण, हे सांगावं लागत नाही. तो पुढारी नाही, पैलवान नाही, कुठल्या पतसंस्थेचा चेअरमनही नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यानं जळगाव रोडवर काळी-पिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप, चालवली, बस्स. पण त्या रोडवरच्या एका पिढीला शाळेत, दवाखान्यात, बाजाराला, सासरी आणि सासरहून रुसून परत माहेरी नेऊन पोचवण्याचं काम त्याच्याच गाडीनं केलं. त्यामुळं कडुबाला ओळखत नाही असं म्हणायची कुणाची सोयच नव्हती.

काळी-पिवळीचा एक कायदा असतो आणि तो कुठल्या सरकारनं केलेला नाही. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही. आतली माणसं उकाड्यानं हैराण होवोत, कुणाची कोर्टाची तारीख हुको, कुणाचं लग्न लागून जावो, ड्रायव्हर आपला खाली उभा राहून तंबाखू मळत असतो आणि ‘हे काय, निघालोच’ म्हणत असतो. कडुबा या कायद्याचा पक्का होता. जागा नाही, हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. जरा सरकून घ्या, एवढंच त्याला येत होतं. स्टँडवरच्या मंडळींत रिकामी गाडी पळवणं म्हणजे अब्रू घालवणं. एखादा बिचारा कमी सवाऱ्या घेऊन निघाला की बाकीचे त्याला दिवसभर सुखानं पाणी पिऊ द्यायचे नाहीत. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कडुबाच्या हातून जे घडलं ते अडाणीपणानं घडलं असं कुणी म्हणू नये. त्याच्या तोंडाला एक उत्तर बसलेलं होतं, ते नको तिथं निघून गेलं.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, गाडीचं परमिट संपलं आणि कडुबानं तिला पांढरा रंग मारून दारात उभी केली. मनकर्णाबाई, म्हणजे त्याची बायको, येता-जाता म्हणायची, “इका आता त्या धुडाला. कोंबड्या अंडी घालू लागल्या तिच्याखाली.” कडुबा ऐकलं न ऐकलंसं करायचा आणि रविवारी गाडी धुवायचा.

मग मनकर्णाबाईची पाठ दुखायला लागली. जन्मभर लोकांच्या रानात कापूस वेचलेली पाठ, दुखणारच, असं आधी सगळ्यांना वाटलं. तेल झालं, गोळ्या झाल्या, गावोगावचे वैद्य झाले. शेवटी पोरगी विशाखा हटून बसली आणि आईला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं फोटो निघाले आणि कळलं की आजार हाडांत शिरलाय, पाठीचा एक मणका चेपलाय आणि दुसराही त्याच वाटेवर आहे.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरवलं. मशीनखाली निजायचं, थोडा वेळ पडून राहायचं आणि घरी जायचं. मात्र रविवार सोडून रोज यायचं, आणि असे कितीतरी आठवडे. “मधे खंड पडू द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “सगळे शेक पूर्ण झाले तर दुखणं कमी होईल आणि त्या स्वतःच्या पायांवर चालत राहतील. मधेच सोडलं तर मणका आणखी बसेल आणि पाय जातील. नीट लक्षात ठेवा, काका.”

कडुबानं ते असं लक्षात ठेवलं की त्याला दुसरं काही सुचेना. मनकर्णाबाई म्हणजे पायाला चाक लावलेली बाई. पहाटे उठून विहिरीवर, मग विहारात, मग रानात, आणि वाटेत चार घरच्या भांडणांचा निकाल लावूनच घरी. ती खाटेवर पडून राहिली, तिला उचलून न्यावं-आणावं लागलं, तर ती जगेल पण ती मनकर्णाबाई राहणार नाही, हे त्याला कळत होतं.

दवाखान्यात ठेवून घ्यायला खाट रिकामी नव्हती. विशाखा वाळूजच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायची आणि तिकडंच खोली घेऊन राहायची, पण ती खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसानंही आडवं होऊन चढावं. तिथं आईला ठेवायचं कसं? कडुबा म्हणाला, “मी रोज नेईन, रोज आनीन. गाडी दारात हाय. आन् मला दुसरा काय धंदा हाय?”

मनकर्णाबाईला फार वेळ बसवत नसे, म्हणून त्यानं गाडीतले मागचे दोन्ही आडवे बाक काढले, फळी ठोकली आणि वर जाड गादी अंथरली. मागच्या दाराशी उशा रचल्या. त्यांना टेकून ती पुढं तोंड करून अर्धवट पहुडायची. अशानं कडुबाला आरशात तिचा चेहरा दिसायचा. ही जागा नेमकी मागच्या चाकांच्या डोक्यावर येत होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गादी जाड आहे, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

आणि गाडी म्हातारी झालेली. इतकी वर्षं माणसं वाहून मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, पार सपाट झाले होते, धक्के झेलणाऱ्या शॉकपमधून तेल गळत होतं. गावातून हमरस्त्याला लागेपर्यंत जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. तिथं एका खड्ड्यात गाडीचं बूड असं आपटलं की कडुबानं गाडी उभीच केली. आरशात पाहिलं तर मनकर्णाबाईनं वरची दांडी घट्ट धरलेली आणि तोंड पांढरंफटक. त्या दिवशी तिला दवाखान्यात सोडून तो तडक मोंढ्याकडं निघाला.

मोंढ्याच्या मागं स्पेअर पार्टच्या दुकानांची गल्ली आहे. तिथं मुनीरभाईंचं दुकान. बसायला एक स्टूल आणि बाकी सगळीकडं छतापर्यंत लोखंड. मुनीरभाई कडुबाला तो काळ्या केसांचा होता तेव्हापासून ओळखायचे.

“आओ उस्ताद. गाडी अभी है के बेच डाली?”

“हाय की. पाटे पाह्यजे मागचे. आन् शॉकप.”

“कंपनी का माल तो अब आता नै इस गाडी का. बाहर का लेना पडता,” मुनीरभाई म्हणाले आणि त्यांनी पोत्यावर दोन नमुने काढून ठेवले. एक पाट्यांचा जोड पातळ होता, दुसरा जाड आणि एक पट्टी जास्तीची घातलेला. “ये नरम आता, ये हेवी. दोनों अच्छे बनानेवाले के हैं, खराब माल मैं रखता नै. पन सवाल ये है उस्ताद, के गाडी चलती कैसी? भर के, के खाली?”

आता बघा. हा प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. गाडीत मागं एकटी बाई असते, तीही दुखण्यानं हडकलेली, कापसाच्या गाठोड्याएवढं वजन. रिकामी गाडी कडक पाट्यांवर उडते, हे कडुबाला माहीत नव्हतं असंही नाही. ते स्टँडवरचा चहावालासुद्धा सांगेल. पण दुकानात तेव्हा आणखी दोन गाडीवाले उभे होते, आणि ‘भरून की रिकामी’ हा प्रश्न कडुबाला आयुष्यभर लोकांनी ज्या सुरात विचारला होता त्याच सुरात मुनीरभाईंनी विचारला. त्याच्या तोंडून उत्तर निघून गेलं.

“रिकामी? मुनीरभाई, आपली गाडी कधी रिकामी चालली का? फुल्ल.”

उभे असलेले गाडीवाले हसले. मुनीरभाईही हसले आणि त्यांनी पातळ जोड बाजूला सरकवून जाड पुढं केला. शॉकपही तसेच कडक दिले. कडुबानं पाट्यांवरून हात फिरवला. जाड, काळेभोर, वजनदार. अशा मालावर मनकर्णा बसेल तर तिला काय धक्का लागणार, असं त्याला मनापासून वाटलं. गाडीचं बूड आपटतं म्हणून तो माल घ्यायला आला होता, आणि हा माल बूड आपटू देणार नव्हता. त्याचा हिशोब तिथं संपला.

हर्सूलच्या अलीकडं नानासाहेबांचं गॅरेज आहे. नाव भारदस्त असलं तरी नानासाहेब स्वतः मुरमुऱ्याच्या पोत्याएवढ्या वजनाचा माणूस, दिवसभर गाडीखाली. मनकर्णाबाईला घरी सोडून कडुबा संध्याकाळी गाडी घेऊन आला, तेव्हा नानासाहेबानं पाटे चढवले, शॉकप बसवले, आणि गाडी मागून चांगली वीतभर उचलली गेली. “आता यात हत्ती बसवा, बसायची नाय,” नानासाहेब म्हणाला. कडुबानं एक चक्कर मारून पाहिली. त्याच्या सीटवर सगळं झकास वाटलं. गाडी डुलत नव्हती, आपटत नव्हती, वळणावर कलत नव्हती. कितीतरी दिवसांनी त्यानं चालवता चालवता शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यावरून गाडी गेली आणि बूड आपटलं नाही. कडुबानं लगेच आरशात पाहिलं.

“कशी हाय आता गाडी?”

मनकर्णाबाई हसली. थोडंसंच, पण हसली. “चांगलीय.”

“काही लागतंय का?”

“नाय, नाय. चांगलीय म्हनलं ना.”

कडुबाही आरशातच तिच्याकडं बघून हसला. पुढं तो प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला आरशात बघायचा, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा शांत असायचा. घरी आल्यावर तो भेटेल त्याला सांगू लागला की पाटे बदलले, आता दुखणेकऱ्याला कळतसुद्धा नाही गाडी चाललीय ते. शेजारपाजारचे माना डोलवायचे. मनकर्णाबाई आत खाटेवर असायची. तिलाही हे सगळं ऐकू जायचं.

हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. दवाखान्यातून आलं की ती भिंतीकडं तोंड करून पडायची. भाकरी अर्धी, मग चतकोर. कडुबाला वाटलं, शेकाचा त्रास असेल. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की थकवा येईल. तो तिच्यासाठी मऊ भात करायचा, ताक घुसळायचा आणि ती दोन घास खाऊन ताट सरकवायची.

एका सकाळी तो गाडी पुसून आत आला तर ती उठलेली नव्हती.

“आज राहू द्या,” ती म्हणाली.

“राहू द्या कसं? मॅडमनं काय सांगितलं?”

“एक दिवस राहू द्या म्हनते ना.”

त्यानं एक दिवस राहू दिलं. दुसऱ्या दिवशी ती सरळच म्हणाली, “मला आता नाय जायचं. कितीबी सांगा, मी नाय येनार.”

कडुबा आधी रागावला. भांडी आपटली. मग समजावलं, मग हात जोडले. ती ढिम्म. म्हणाली, “झालं तेवढं बास झालं. आता जे व्हईल ते व्हईल.” पाय जातील असं त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ द्या.” मनकर्णाबाईच्या तोंडून पायांबद्दल हे निघावं, याचा कडुबानं असा धसका घेतला की तो बाहेर येऊन नुसता ओट्यावर बसून राहिला. शेजारणी येऊन बघून गेल्या आणि दाराबाहेर कुजबुजल्या की तिनं आता आशा सोडलीय, असं होतं या दुखण्यात, माणूस स्वतःच आवरतं घेतो. कडुबाला ते ऐकू आलं. दिवस जात होते आणि मणका बसत होता, त्याला तर तो बसताना जणू दिसत होता.

विशाखा रजा टाकून आली. तिनंही आईपुढं डोकं आपटून पाहिलं. मग म्हणाली, “आबा, तुमी मॅडमला तरी जाऊन इचारा. मी बसते मायजवळ.”

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “येण्या-जाण्यात त्यांना त्रास होतो का? प्रवासात पाठीला हिसके बसतात का?”

“नाय मॅडम,” कडुबा म्हणाला, आणि त्या तसल्या दिवशीही त्याच्या आवाजात थोडी ऐट आली. “नवे पाटे टाकलेत. गाडी हालतसुदीक नाय.”

मॅडमनी मान हलवली. आणखी दोन दिवसांच्या आत आणा, नाहीतर आत्तापर्यंतचं सगळं वाया जाईल, एवढं सांगून त्या पुढच्या पेशंटकडं वळल्या.

परत येताना गाडीच्या मागून कुई-कुई आवाज येत होता. तो नवे पाटे टाकल्यापासूनच येत होता, पण आज तो कडुबाच्या डोक्यात गेला. बुडत्याला काहीही दिसतं. त्याला वाटलं, या आवाजानंच तर तिचं डोकं उठत नसेल? त्यानं गाडी नानासाहेबाच्या गॅरेजकडं वळवली.

“पाट्याचं रबरी बुश घासत असंन,” नानासाहेब हात पुसत म्हणाला. “असं करा, मी चालवतो. तुमी मागं बसा, चाकाच्या वर. कान द्या, उजव्या बाजूनं येतो का डाव्या.”

कडुबा मागच्या दारानं आत चढला आणि गादीवर बसला. ही गाडी त्यानं घेतली, चालवली, धुतली, रंगवली, तिच्याखाली झोपला, तिच्या टपावर चढून ओझी बांधली. पण ती चालत असताना मागं तो कधीच बसला नव्हता. कोणता ड्रायव्हर आपल्या गाडीत मागं बसतो?

गॅरेजपुढं लगेचच गतिरोधक आहे. गाडी त्यावर चढली आणि कडुबा गादीवरून उचलला जाऊन खाली आदळला. दात एकमेकांवर आपटले. त्याला वाटलं, नानासाहेबानं जोरात घेतली. तो काही बोलायच्या आत पुढची खडी आली आणि गाडी नुसती थडथडायला लागली. गादी असून नसल्यासारखी. प्रत्येक खडा कमरेतून शिरून मानेपर्यंत चढत होता. पुढं बसलेला नानासाहेब मात्र आरामात होता, हातातलं स्टेअरिंगसुद्धा हलत नव्हतं.

“डाव्या बाजूनं येतोय का?” नानासाहेबानं विचारलं.

आवाज कुठून येतोय हे कडुबानं ऐकलंच नव्हतं. तो उशांना टेकला, मनकर्णाबाई टेकायची तसा, आणि वरची दांडी धरली. मग म्हणाला, “परत घे. त्याच रस्त्यानं परत घे.”

नानासाहेबानं परत घेतली. पुन्हा खडी, पुन्हा गतिरोधक. कडुबाची पाठ धडधाकट, मणका शाबूत, तरी त्यानं डोळे मिटून घेतले. गाडी थांबल्यावर नानासाहेब मागं आला आणि दार उघडून बघतो तर म्हातारा तसाच बसलेला.

“रिकामी हाय ना, म्हून उडती,” नानासाहेब म्हणाला. “चार मान्सं बसली की बघा, लोन्यावानी चालती. एरवी भरूनच असती ना तुमची?”

“नाय,” कडुबा म्हणाला. “एकटी बाई असती. पाठीचा मनका मोडलेली.”

“मंग हे पाटे कामून घेतले, काका?” नानासाहेबानं हळूच विचारलं. त्यात दोष देणं नव्हतं, खरंच विचारत होता. कडुबाला उत्तर माहीत होतं. चारचौघांत रिकामी म्हणायला लाज वाटली म्हणून. इतकंच कारण. तो गाडीच्या मागच्या फळीवर पाय खाली सोडून बसून राहिला आणि इतक्या दिवसांचा एकेक फेरा त्याला आठवत गेला. प्रत्येक फेऱ्यात आरशातला तिचा तो शांत चेहरा. किती जोर लागला असेल तिला तो चेहरा तसा ठेवायला. कडुबा रडला. गॅरेजमध्ये, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर रडला, आणि कोण बघतंय याची पर्वा त्याला राहिली नाही.

त्याच दुपारी तो पुन्हा मोंढ्यामागच्या गल्लीत गेला. दुकानात गर्दी होती. “मुनीरभाई,” तो दारातूनच म्हणाला, “गाडी रिकामी चालते माझी. आजारी बाई न्यायची हाय. मला नरम द्या.” कुणी हसलं नाही. मुनीरभाईंनी बाकीची गिऱ्हाइकं थांबवली, पातळ पाटे काढून दिले, शॉकपही मऊ दिले, जाड जोड उतरवल्यावर परत आणून द्यायला सांगितलं, आणि वर फक्त म्हणाले, “पहले बोलना था ना, उस्ताद.”

नानासाहेबानं अंधार पडायच्या आत काम उरकलं. गाडी मागून पुन्हा खाली आली. या वेळी कडुबा आधीच मागं जाऊन बसला आणि नानासाहेबाला त्याच खडीवरून न्यायला लावली. धक्का पूर्ण गेला नव्हता. पण आता तो येऊन विरत होता, वर चढत नव्हता.

घरी आला तेव्हा विशाखा आईला पाणी पाजत होती. कडुबा खाटेशेजारी जमिनीवर बसला.

“गाडीत लई लागत व्हतं तुला?”

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. “कुनी सांगितलं?”

“मी बसलो आज मागं.”

विशाखाला काही कळेना, ती एकदा बापाकडं आणि एकदा आईकडं बघत राहिली.

“मला कामून नाय सांगितलं?” कडुबा म्हणाला. “एक शबूद बोलली असती. मी रोज इचारत व्हतो ना.”

“इचारत व्हते म्हून तर.” मनकर्णाबाईचा आवाज बारीक होता. “दर खड्ड्याला आरशात बघायचे. तुमचं तोंड असं व्हायचं, की किती मोठं काम केलं. दुखनं आल्यापासून तुमाला तसं पाहिलंच नव्हतं मी. आन् गावभर सांगत सुटले, मनकर्णाला कळतबी नाय म्हनून. मंग मी कोन्त्या तोंडानं म्हनू, का यानंच जास्त दुखतंय?”

“आन् त्याच्यापेक्षा येनंच बंद केलं?”

“ते सोपं वाटलं,” ती म्हणाली.

विशाखा तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. आपल्या बायकोनं आपलं मन मोडायला नको म्हणून स्वतःचे पाय सोडून द्यायची तयारी केली, आणि आपण तिकडं शीळ घालत होतो, हे कडुबाच्या घशाखाली उतरेना. असलं प्रेम माणसानं करू नये, असं मला तर वाटतं. पण मनकर्णाबाईला कोण सांगणार, आणि सांगून ती ऐकणार थोडीच.

“पाटे बदलले मी,” शेवटी तो म्हणाला. “मऊ घातलेत. दुखंल थोडं, पन आधीसारखं नाय. उद्या चल. तुझ्या पाया पडतो.”

ती आढ्याकडं बघत म्हणाली, “तुमी चालवनार असाल तर नाय येनार.”

“कामून?”

“तुमी आरशात बघनार. मंग मला तोंड सांभाळावं लागतं. सगळ्या रस्त्यानं नुसतं तोंड सांभाळायचं. त्यानंच मी लई थकून गेले.”

सकाळी किल्ली विशाखानं घेतली. पोरगी कारखान्यात जड खोकी इंचाइंचानं सरकवणारी, तिनं गाडी अशी काढली की दारातली कोंबडीसुद्धा उठली नाही. कडुबा मागं गादीवर बसला. मनकर्णाबाईला त्यानं आपल्या अंगावर टेकवून घेतलं आणि एक हात तिच्या पाठीमागं घातला. अशा बसण्यात तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

गावाबाहेरचा रस्ता सुरू झाला. पहिला खड्डा विशाखानं चुकवला. दुसरा चुकला नाही. पाटे खाली दबले, वर आले, आणि मनकर्णाबाई कण्हली. अगदी मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, शेजारच्या रानात ऐकू जाईल अशी. विशाखानं घाबरून ब्रेकवर पाय ठेवला.

“थांबू नको,” कडुबा म्हणाला. “हळू घे, पन थांबू नको.”

पुढच्या खड्ड्याला ती पुन्हा कण्हली. त्याच्या पुढच्यालाही. दवाखाना येईपर्यंत ती कण्हत होती, मधून रस्त्याला शिव्या देत होती, एकदा तर नवऱ्यालाही दिल्या, आणि कडुबा तिला धरून प्रत्येक वेळी “व्हय, व्हय” म्हणत होता.